नदीच्या दोन काठांवरचे गोवे

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



कोल्हापूरकरांना गोवा कधी लांबचा वाटला नाही. मध्यवर्ती बसस्थानकावर सकाळच्या गाडीत बसावे, निपाणी, संकेश्वर मागे पडून आजरा आले की हवा बदलते. आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीत चहा घ्यावा आणि दुपारी पणजीत पोहोचावे. पण आपले गोव्याला जाणे म्हणजे बहुधा समुद्र, मासे, काजू आणि परत. जुने गोवे पाहिले का, असे विचारले तर उत्तर येते, "हो, ते शव ठेवलेले चर्च ना? पाहिले की!" इतिहासाचा शिक्षक म्हणून मुलांच्या सहली घेऊन मी त्या गावी अनेकदा गेलो आहे. अर्ध्या तासात उरकण्याचे ते ठिकाण नाही आणि नदीच्या एकाच काठावरून ते पुरते दिसतही नाही, हे आज मला आपल्याला सांगायचे आहे.

पणजीहून जुने गोवे नऊ-दहा किलोमीटर. मांडवीच्या कडेने जाणाऱ्या या वाटेवर पणजी ते रायबंदर हा जुना बांध लागतो. लिन्यारिश नावाच्या व्हाइसरॉयच्या काळात, १६३० च्या दशकात तो बांधला गेला. त्यावरून आजही वाहने धावतात. शहरात शिरण्याची खरी वाट मात्र रस्त्याची नव्हे, पाण्याची. नदीकाठच्या धक्क्यापासून वर चढले की व्हाइसरॉयची कमान लागते. पोर्तुगालहून आलेला प्रत्येक नवा व्हाइसरॉय जहाजातून उतरून या कमानीखालून शहरात येई. वास्को द गामाच्या पणतूने, तो स्वतः व्हाइसरॉय असताना, सोळाव्या शतकाच्या अखेरीस ती उभारली. एका बाजूला वास्को द गामाचा पुतळा आहे. दुसऱ्या बाजूला एक स्त्री एका माणसाला पायाखाली दाबून उभी आहे. ती संत कॅथरीन आणि खालचा तो आदिलशहा, असे सांगतात.

आता ही कॅथरीन कोण? अल्बुकर्कने विजापूरच्या आदिलशहाकडून हे शहर जिंकले तो दिवस २५ नोव्हेंबर १५१०, म्हणजे संत कॅथरीनच्या सणाचा. त्या काळी आपला पन्हाळाही विजापूरकरांच्याच ताब्यात होता, हे लक्षात ठेवले म्हणजे ही कथा कुणा परक्या मुलखाची वाटत नाही. त्या विजयाची आठवण म्हणून इथल्या मुख्य चर्चला कॅथरीनचे नाव मिळाले. तेच 'से कॅथीड्रल'.

इथे एक शब्द समजून घेऊ. कॅथीड्रल म्हणजे नुसते मोठे चर्च नव्हे. 'से' या पोर्तुगीज शब्दाचा अर्थ आसन, गादी. जिथे बिशपची गादी असते ते कॅथीड्रल. आपण पीठ म्हणतो, तसेच. गोव्यात ही गादी १५३४ मध्ये स्थापन झाली आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून थेट चीन-जपानपर्यंतचा कारभार एके काळी तिच्याकडे होता. आज दिसते त्या इमारतीचे काम १५६२ मध्ये सुरू झाले आणि १६१९ मध्ये पुरे झाले. आतल्या वेदींचे काम त्यानंतरही चालू राहिले. समोर उभे राहिले की डावीकडे एक मनोरा दिसतो, उजवीकडे मोकळे आकाश. दुसरा मनोरा १७७६ मध्ये कोसळला, तो पुन्हा बांधला गेला नाही. उरलेल्या मनोऱ्यात 'सोनेरी घंटा' म्हणून प्रसिद्ध असलेली मोठी घंटा आहे. आत गेले की मुख्य वेदीमागे सोन्याच्या मुलाम्याने झळाळणारी भव्य कोरीव पडदी आहे. तिच्यावर कॅथरीनच्या आयुष्यातले प्रसंग कोरलेले आहेत.

रस्त्यापलीकडे बॉम जेझू. १५९४ मध्ये पायाभरणी आणि १६०५ मध्ये अर्पण झालेल्या या चर्चमध्ये संत फ्रान्सिस झेवियर यांचे शव आहे. झेवियर १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्यावरील एका बेटावर वारले. त्यांची समाधी टस्कनीच्या ग्रँड ड्यूकने इटलीहून पाठवली, ती १६९८ मध्ये इथे उभी राहिली. पण शव ज्या चांदीच्या पेटीत आहे ती पेटी गोव्याच्या कारागिरांनी १६३६-३७ मध्ये घडवली. हुपरीच्या चांदीकामाचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्या जिल्ह्यातल्या माणसाने त्या पेटीपाशी दोन मिनिटे जास्त थांबावे. दर दहा वर्षांनी शवाचे जाहीर दर्शन होते. अलीकडचे दर्शन नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात झाले. दर वर्षीच्या ३ डिसेंबरच्या फेस्ताला तर बेळगाव, सावंतवाडी भागातून लोक पायी चालत येतात. पंढरीची वारी पाहिलेल्याला त्यांचे चालणे ओळखीचे वाटेल.

बॉम जेझूच्या भिंती लाल दिसतात, कारण तो आपला जांभा आहे. आजरा-चंदगडकडे घरांना वापरतात तोच. दर्शनी भागातला कोरीव दगड वसईहून आणलेला. जांभा सच्छिद्र असतो, पाणी पितो. म्हणून जुने लोक त्याला चुन्याचा गिलावा करीत. १९५० च्या दशकात एका पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञाने, इमारत प्राचीन दिसावी म्हणून, या चर्चचा गिलावा उतरवला. तेव्हापासून गोव्याचा पावसाळा थेट दगडावर कोसळतो आणि दगड झिजतो आहे. लोकांना मात्र तो लाल रंगच इतका आवडला आहे की पुन्हा गिलावा करावा की नाही यावर वाद चालू आहे. १९८६ मध्ये युनेस्कोने या चर्चना जागतिक वारसा ठरवले. पण तेवढ्याने भिंत पाणी प्यायची थांबत नाही.

जवळच्या टेकडीवर संत ऑगस्टीनचा भग्न मनोरा आहे, ४६ मीटर उंच. १८३५ मध्ये धर्मसंघ बंद झाले, मठ ओस पडला, १८४२ मध्ये छत खाली आले. तिथली घंटा आता पणजीच्या चर्चमध्ये वाजते. जॉर्जिया देशाची राणी केतेवान हिला १६२४ मध्ये इराणात छळ करून मारण्यात आले. तिचे अवशेष याच मठात आणून ठेवले होते. ते उत्खननात सापडले आणि २०२१ मध्ये भारताने जॉर्जियाला भेट दिले. एवढे मोठे शहर ओस का पडले? साथी. खराब पाणी, ताप, पटकी. अधिकारी आधी पणजीच्या वाटेवर सरकले, मग पणजीत गेले आणि १८४३ मध्ये राजधानी रीतसर पणजीला गेली. घरे पडली, माड वाढले, चर्च तेवढी उरली.

कॅथीड्रलजवळच्या चौकात मात्र एक इमारत दिसत नाही, तिची आठवण काढलीच पाहिजे. ती इन्क्विझिशनची. १५६० ते १८१२, मधली चार वर्षे सोडली तर, हे धर्मन्यायालय इथे चालले. लोक त्या वाड्याला नुसते 'व्हडले घर' म्हणत. बाटल्यावरही जुने आचार पाळतो, असा संशय पुरेसा असे. त्या चौकात नववीतल्या एका मुलाने मला विचारले, "सर, ज्यांनी आपली देवळे पाडली त्यांची देवळे आपण एवढ्या कौतुकाने कशाला बघायची?" प्रश्न सरळ होता. मी म्हणालो, "आधी नदी ओलांडू, मग बोलू."

धक्क्यावरून फेरीबोट दिवाडी बेटावर नेते. या बेटावर कदंब राजांचे कुलदैवत सप्तकोटेश्वर होते. कदंबांच्या नाण्यांवरही त्याचे नाव आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते देऊळ पाडले. तिथल्या तळीला कोटितीर्थ म्हणतात. कोल्हापुरात कोटितीर्थ रोज पाहणाऱ्या माझ्या मुलांनी ते नाव ऐकले आणि बोट गप्प झाली. बेटाच्या दुसऱ्या टोकाला दुसरी फेरीबोट, आणि पलीकडे डिचोलीतले नार्वे. भक्तांनी देव इथे आणला. १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी या देवळाचा जीर्णोद्धार करवला, तसा शिलालेख दारावर आहे. २०२३ मध्ये त्याचे नव्याने जतन होऊन ते पुन्हा खुले झाले.

हीच गोष्ट फोंड्याच्या बाजूला. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. तेव्हा तो मुलूख पोर्तुगीजांकडे नव्हता. माझ्या आजीचे कुलदैवत कवळ्याचे. ती जाताना "देवीच्या माहेरी" न म्हणता "देवी राहायला आली तिथे" म्हणायची. हा फरक मला फार उशिरा कळला. आता या देवळांकडे नीट पाहा. अंबाबाईचे किंवा खिद्रापूरचे देऊळ पाहिलेल्या डोळ्यांना ती वेगळी दिसतात. गाभाऱ्यावर घुमट, दीपस्तंभाला मजल्यांवर मजले, कमानींची रांग. चर्चच्या बांधणीची छाप त्यांवर आहे. चर्चच्या वेदी कोरणारे हात गोव्याचे होते आणि ही देवळे उभारणारेही.

याच नदीकाठी १५५६ मध्ये भारतातला पहिला छापखाना आला. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात उतरला, इथली भाषा शिकला आणि त्याने सुमारे ११ हजार ओव्यांचे मराठी 'क्रिस्तपुराण' रचले. नवख्रिस्ती लोकांना पुराणाची ओढ होती, म्हणून पुराण, आणि ओवीतच. १६१६ मध्ये ते रायतूरला रोमन लिपीत छापले गेले. त्याने लिहिलेले कोकणीचे व्याकरणही पुढे १६४० मध्ये छापले गेले.

आता दुसरी तारीख. नोव्हेंबर १६८३ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांनी शहराजवळचे जुवे बेट घेतले. शहर हातचे जाणार असे दिसताच व्हाइसरॉय अल्व्होरने झेवियरच्या शवापाशी जाऊन आपला राजदंड ठेवला आणि रक्षणाची प्रार्थना केली. मोगली फौज खाली उतरल्याने मराठे मागे फिरले. पुढच्याच वर्षी, जून १६८४ मध्ये, याच अल्व्होरने हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. एका परकीयाने भाषेला ओवी दिली, दुसऱ्याने तिच्यावर बंदी आणली. दोघांनाही 'पोर्तुगीज काळ' या एकाच पोत्यात घालून चालत नाही.

नार्व्याहून परतताना मी त्या मुलाला एवढेच सांगितले, की कॅथीड्रल बांधले ते आपल्याच जांभ्यात आणि त्याच वर्षांत नदीपलीकडे देव रात्रीच्या रात्री नेले गेले. यातले एकच पाहणारा अर्धा इतिहास घेऊन घरी जातो. तो म्हणाला, "मग दोन दिवस लागतील." बरोबर बोलला. पहिला दिवस जुन्या गोव्याला द्या आणि पायी फिरा. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने दिवाडी, नार्वे, आणि मग फोंडा. चर्चमध्ये प्रार्थना चालू असेल तर मागे शांत उभे राहा, देवळात उभे राहतो तसेच. समुद्र काय, तिसऱ्या दिवशीही तिथेच असतो.