दूध किती, यापेक्षा शिल्लक किती?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



दुग्धव्यवसायाच्या यशाचे मोजमाप या देशात दीर्घकाळ एकाच मापाने होत आले आहे. ते माप म्हणजे लिटर. १९६५ साली राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ स्थापन झाले, १९७० साली दूधमहापूर योजना सुरू झाली आणि शतक संपण्यापूर्वी भारत दूध उत्पादनात जगात पहिला आला. २०२३-२४ साली देशाचे उत्पादन सुमारे २४ कोटी टन होते. हे कर्तृत्व लहान नव्हे, आणि ते मुख्यतः दोन-चार जनावरे बाळगणाऱ्या कुटुंबांचे आहे. परंतु दूध वाढले म्हणजे धार काढणाऱ्याचा संसार सावरला, हे अनुमान तर्काला धरून नाही.

१९९२ साली रॉबर्ट चेंबर्स व गॉर्डन कॉनवे यांनी टिकाऊ उपजीविकेची व्याख्या मांडली. जी उपजीविका आघात सोसून पुन्हा उभी राहते, आपली साधने राखते वा वाढवते आणि निसर्गाचा पाया खचू देत नाही, ती टिकाऊ. व्याख्या चांगली आहे. पुढे मात्र मानवी, सामाजिक, नैसर्गिक, भौतिक व आर्थिक अशा पाच भांडवलांना गुण द्यावयाचे आणि त्यांची सरासरी काढून निर्देशांक सांगावयाचा, अशी पद्धत रूढ झाली. या पद्धतीत गोठा पक्का आहे, गावात संस्था आहे, कर्ज मिळते, एवढ्या गुणांखाली आटलेली विहीर झाकली जाते. संसार सरासरीवर चालत नाही. वैरण संपली की पक्क्या गोठ्यातील गायही बाजारात न्यावी लागते.

एक साधा हिशेब मांडून पाहावा. त्यातील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. समजा, एका संकरित गाईच्या दोन वेतांमध्ये ४०० दिवसांचे अंतर आहे. त्यांपैकी ३०० दिवस ती सरासरी १० लिटर दूध देते व १०० दिवस भाकड असते. भाव लिटरला ३० रुपये. दुभत्या दिवसाची आवक ३०० रुपये, पेंड, कडबा, ओला चारा व औषधपाणी यांचा खर्च २२० रुपये, उरले ८०. तीनशे दिवसांचे झाले २४,००० रुपये. भाकड काळात रोज १२० रुपये खर्च धरला तर त्यांतून १२,००० वजा होतात. उरलेले १२,००० रुपये ४०० दिवसांवर वाटले तर दिवसाला ३० रुपये पडतात. आता भाव लिटरमागे फक्त ४ रुपयांनी उतरला असे धरा. तीनशे दिवसांत नेमके १२,००० रुपये गेले. शिल्लक शून्य! गाईच्या कर्जाचा हप्ता तर अजून धरलेलाच नाही.

अशी घसरण कल्पनेतली नाही. २०२३ च्या जुलैत महाराष्ट्र शासनाने गाईच्या दुधाला ३.५ फॅट व ८.५ एसएनएफ या प्रतीसाठी लिटरला ३४ रुपये दर जाहीर केला. वर्ष संपण्यापूर्वीच दर कोसळले, आणि २०२४ च्या आरंभी संघांनी २७ रुपये द्यावेत व त्यावर शासनाने ५ रुपये अनुदान द्यावे, अशी तडजोड करावी लागली. उसाला कायद्याने बांधलेला किमान दर आहे. दुधाला तसा नाही. दूध नाशवंत असल्याने ते घरी अडवून धरता येत नाही. म्हणून बाजाराचा सारा धक्का गोठ्यापर्यंत पोचतो.

या हिशेबात आणखी एक मोठी रक्कम गाळली गेली आहे. पहाटेची धार, शेणघाण, चारा कापणे, पाणी पाजणे ही कामे बहुतांशी घरच्या स्त्रीच्या अंगावर असतात. एका गाईमागे दिवसाचे दोनच तास धरले तरी वरच्या उदाहरणात, भाव टिकलेला असतानाही, तासाला १५ रुपये मिळतात. दुधाचा पगार पुष्कळदा पुरुषाच्या खात्यावर जमा होतो ही बाब वेगळीच. ज्या मोजपट्टीत स्त्रीच्या श्रमाचे मोल शून्य धरले जाते, तिच्यात तोट्याचा धंदाही नफ्याचा दिसतो. तीच गोष्ट भाकड जनावरांची. २०१५ साली महाराष्ट्रात गोवंशहत्याबंदी अमलात आल्यापासून संकरित गोऱ्ह्यांना व म्हाताऱ्या जनावरांना गिऱ्हाईक राहिले नाही. धोरण शासनाचे, पण पोसण्याचा भार मात्र शेतकऱ्याचा, हा न्याय कोणता?

तेव्हा टिकाऊपणा मोजावयाचा तर प्रश्न बदलावे लागतील. संपूर्ण वेताच्या हिशेबात घरच्या श्रमाला शेतमजुरीइतका तरी मोबदला पडतो काय? भाव उतरला, लंपीसारखी साथ आली किंवा दुष्काळ पडला तर कुटुंब जनावर न विकता किती महिने तग धरू शकते? चारा कोणत्या पाण्यावर पिकतो, आणि ते पाणी दरवर्षी खोल जात आहे काय? पगार कोणाच्या हाती पडतो? संस्थेच्या सभेत लहान उत्पादकाचा शब्द चालतो काय? यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर वाईट आले, तर उरलेल्यांच्या चांगुलपणाने ते पुसता कामा नये.

या कामाला मोठ्या संस्थेची वाट पाहण्याचे कारण नाही. कार्यकर्त्यांनी आपापल्या गावांतील भूमिहीन, अल्पभूधारक आणि बागायतदार अशा निवडक कुटुंबांच्या वह्या एका वेतापासून पुढच्या वेतापर्यंत लिहून घ्याव्यात व घरातील स्त्रीला विचारूनच लिहाव्यात. दरवाढीची मागणी घोषणेच्या जोरावर एक हंगाम टिकते. वहीतील हिशेब हाती असला की तीच मागणी मंत्रालयापुढे पुराव्यानिशी मांडता येते. दूध किती वाढले हे सरकार सांगतेच. त्यातून घरात किती उरले, हे सांगण्याचे काम चळवळीने केले पाहिजे.