पायऱ्या उतरताना



मी इमारती बांधणारा माणूस. इमारत माणसाला वळण कसं लावते, असं कुणी विचारलं की मी त्याला तुमच्या सिंदखेड राजाला जायला सांगतो. १२ जानेवारीला, जिजाऊंच्या जयंतीला, इथे लाखो माणसं येतात, रस्ते घोषणांनी दुमदुमतात. तीच माणसं राजवाड्याच्या दगडी दरवाजातून आत शिरून जिजाऊंच्या जन्मस्थानापाशी पोचली की त्यांचा आवाज खाली येतो. मनात श्रद्धा असतेच, पण त्या उंच दरवाजाचा आणि जाड भिंतींचाही त्यात वाटा आहे.

लोणारला दैत्यसूदनाचं मंदिर तुम्ही पाहिलं असेल. त्याची आखणी ताऱ्यासारखी आहे. भिंत सरळ जात नाही, सतत आत-बाहेर वळते आणि प्रत्येक वळणावर नवी मूर्ती समोर येते. तिथे भरभर प्रदक्षिणा घालताच येत नाही, पाय आपोआप रेंगाळतात. आत गेलं की अंधार. डोळे सरावेपर्यंत थांबावं लागतं, मग छतावरचं कोरीव काम दिसू लागतं आणि मान वर जाते. आपल्या पावलांचा वेग आणि मानेचा कल त्या कारागिरांनी शेकडो वर्षांपूर्वी ठरवून ठेवला. मला हे फार थोर वाटतं.

पण मला खरं बोलायचंय ते बारवेबद्दल, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीबद्दल. तुमच्या गावातली पुतळा बारव घ्या. पाण्यासाठी खणलेली जागा, तरी तिच्या भिंतींवर मूर्ती कोरल्या! आपल्याकडच्या कितीतरी बारवांत पाण्याजवळ देवकोष्ठं असतात. देव समोर असला की माणूस चपला काढतो, थुंकत नाही, पाणी स्वच्छ राहतं. त्यासाठी पाटी लावावी लागली नाही. पुढे घरोघरी नळ आले आणि पायऱ्या उतरायचं कारण संपलं. काठावरून पाहणाऱ्याला बारव म्हणजे नुसता खड्डा दिसतो, आणि खड्ड्यात माणूस कचरा टाकतो. महाराष्ट्रभर कित्येक बारवा अशाच बुजल्या. जो खाली उतरतो, दगडाचा गारवा अनुभवतो आणि तिथून वर आभाळाचा चौकोन पाहतो, त्याच्या हातून तिथे कचरा पडणं कठीण आहे.

जागा स्वच्छ ठेवली तर तीही माणसाला वळण लावते. शेगावला गजानन महाराजांच्या मंदिरात रोज हजारो लोक येतात, तरी आवार लख्ख असतं. त्यामागे सेवेकऱ्यांचे कष्ट आहेत. ती स्वच्छता पाहून हातातला कागद खाली टाकायला आपलं मन धजत नाही.

म्हणूनच मुख्याध्यापक सर, शाळेच्या नव्या खोल्या बांधाल तेव्हा एक विनंती आहे. खिडकीचा कट्टा इतका खाली ठेवा की पहिलीतल्या मुलाला बसल्या जागेवरून झाड दिसेल. आपण खिडक्या उंच ठेवतो, मुलांचं लक्ष बाहेर जाऊ नये म्हणून. मला ते पटत नाही. ज्याला झाड दिसतं, त्याला ते जगवावंसं वाटतं.

आणि मुलांनो, पुढच्या रविवारी चित्रकलेची वही घेऊन सरांबरोबर पुतळा बारवेत जा. काठावर बसू नका, जिथवर सुरक्षित आहे तिथवर उतरा. एकच मूर्ती निवडा आणि ती नीट पाहून काढा. ती चित्रं शाळेमार्फत माझ्याकडे पाठवा. प्रत्येक चित्राला मी स्वतः उत्तर लिहीन.