एकमेकांवाचून अडलं पाहिजे
शिक्षिका म्हणून सांगते, आपल्या आठवी-दहावीच्या मुलांना ‘मिळून राहा’ म्हटल्यानं गट मोडत नाहीत. १९७१ साली अमेरिकेत ऑस्टिनच्या शाळांत गोरी, कृष्णवर्णीय, मेक्सिकन वंशाची मुलं नव्यानं एका वर्गात आली, भांडणं पेटली. मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरनसन यांनी धड्याचे तुकडे केले. गटातल्या प्रत्येकाला एकच तुकडा. तो त्यानंच इतरांना शिकवायचा. अडखळणाऱ्याची टिंगल केली, तर परीक्षेत आपलंच नुकसान! हळूहळू मुलं ऐकू लागली, जवळ आली.

यंदा गणेशोत्सवाची कामं अशीच वाटूया. इंग्रजी माध्यमवाले, मराठीवाले आणि वॉचमनकाकांची मुलं एकाच गटात. कुणाकडे हिशेब, कुणाकडे मखर, कुणाकडे नाटक. एकावाचून दुसऱ्याचं अडलं, की हाक मारावीच लागते.