चिठ्ठीवरची गोळी आणि आपली भीती

(कऱ्हाड येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण. काही पुनरुक्ती गाळली आहे.)

साथींनो,

अभ्यासवर्गाच्या पत्रिकेत माझा विषय 'सार्वजनिक आरोग्य आणि औषधनीती' असा छापला आहे. तो मी टाळणार नाही. पण त्याकडे जरा आडवाटेने येणार आहे. माझ्या खिशात ही जी गोळ्यांची पट्टी आहे, तिच्यापासून आरंभ करतो. ट्रामाडॉल आणि पॅरासिटामॉल यांचे हे मिश्रण. डॉक्टरांच्या चिठ्ठीनुसार सकाळी एक, रात्री एक. गेली सहा वर्षे मी ही गोळी घेत आहे. त्यांपैकी निदान चार वर्षे ती घेताना मला भीती वाटत आली आहे, आणि ही गोष्ट आजवर मी कोणत्याही सभेत बोललेलो नाही.

माझ्या पाठीची कथा आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. शाळेची नोकरी आणि सुटीच्या दिवशी पक्षाचे काम, यात चाळीस वर्षे गेली. माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी तालुक्यांतील रस्ते एस.टी.च्या मागच्या बाकावर बसून ज्याने तुडविले आहेत, त्याला कमरेचा मणका म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. दोन मणक्यांमधील गादी सरकली, डाव्या पायातील शीर दाबली गेली आणि मांडीपासून टाचेपर्यंत कळ सुरू झाली. ती कमी-अधिक होते, पण गेलेली नाही. मिरजेला दाखविले. १८९४ साली डॉ. वॉन्लेस यांनी तेथे मिशनचे रुग्णालय उभारले, तेव्हापासून कोल्हापूर-बेळगावपर्यंतचा दुखणाईत माणूस मिरजेची वाट धरतो, मीही धरली. शस्त्रक्रियेने गुण येईलच अशी हमी तेथील सर्जन देईनात, आणि हमीशिवाय पाठ उघडून घेण्याचे धैर्य मला होईना. म्हणून व्यायाम, शेक आणि ही गोळी.

भीती कधी सुरू झाली ते सांगतो. जतकडे चारा छावण्यांची पाहणी करण्यास आम्ही गेलो होतो. दोन दिवसांचे काम चार दिवसांवर गेले आणि पट्टी संपली. दुसऱ्या रात्री पाठ तर दुखू लागलीच, पण त्याखेरीज आणखी काही घडू लागले. अंगाला घाम, नाकातून पाणी, एकामागून एक जांभया, पोट बिघडलेले, पाय एका जागी ठरेनात, झोप नाही. बरोबरच्या साथींना वाटले ताप आला. मला मात्र ही लक्षणे ओळखीची वाटली. दारूबंदीच्या चळवळीत मी गावोगाव हिंडलो आहे. हातभट्टी अचानक तुटलेल्या माणसाचे थरथरणे मी पाहिले आहे, आणि त्याच्या बायकोला, "बाई, धीर धरा," असे सांगितलेही आहे. त्या रात्री शाळेच्या व्हरांड्यात पडल्यापडल्या मनात एकच वाक्य घुमत होते : आता तूही त्यांच्यातलाच.

परत आल्यावर मी डॉक्टरांकडे गेलो नाही. मी गोळ्या मोजू लागलो. पट्टी धोतराच्या घडीत ठेवू लागलो. सौ.ने विचारले तर, "आज घेतलीच नाही," असे खोटे सांगू लागलो. ज्याने उभ्या हयातीत व्यसनमुक्तीवर व्याख्याने दिली, त्याने आपल्या बायकोपासून औषध लपवावे, यातील विनोद मला तेव्हा दिसला नाही.

अखेर डॉक्टरांशी बोललो तेव्हा त्यांनी एक भेद समजावून सांगितला, तो आपण सर्वांनीच नीट ध्यानात घ्यावा. अफूच्या गुणधर्माची औषधे काही आठवडे नियमाने घेतली की शरीर त्यांच्याशी जुळवून घेते. मग ती एकाएकी थांबविली तर शरीर बंड करते. याला अवलंबन म्हणावे. ते औषधाच्या गुणधर्मातच आहे, रुग्णाच्या चारित्र्यात नाही. स्टेरॉइडच्या गोळ्याही दीर्घकाळ घेतल्यावर एकदम सोडता येत नाहीत. म्हणून कोणी त्या रुग्णाला व्यसनी म्हणत नाही. व्यसन निराळे. त्यात औषधाची ओढ माणसाच्या इच्छेवर स्वार होते, घरदार, काम, आरोग्य यांचे नुकसान दिसत असूनही हात थांबत नाही, आणि गोळी दुखण्यासाठी न राहता गोळीसाठीच होते. डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, तुम्ही पहिल्या रांगेत आहात, दुसऱ्या नाही. फक्त मला न सांगता कमीही करू नका आणि वाढवूही नका."

हे ऐकून मला हायसे वाटले, पण पुरते नाही. आणि याचे कारण येथे सांगितले नाही तर माझे भाषण अप्रामाणिक होईल. ट्रामाडॉल केवळ कळ दाबत नाही, काही अंशी ते मनावरही काम करते. गेल्या काही वर्षांत अशा दोन-तीन संध्याकाळी आल्या, की पाठ ठीक होती आणि मी तिसरी गोळी घेतली. एकदा निवडणुकीचा निकाल लागला होता. एकदा एका जुन्या साथीच्या अंत्यविधीहून आलो होतो. त्या गोळ्या पाठीसाठी नव्हत्या. डॉक्टरांनी आखलेली रेघ खरी आहे, पण ती भिंत नव्हे. माणूस ती नकळत ओलांडू शकतो. म्हणून माझ्या भीतीला मी आता मूर्खपणा म्हणत नाही. तिला लपविणे हा मूर्खपणा होता. पुढच्या भेटीत त्या तीन गोळ्यांविषयी डॉक्टरांना सांगितले. त्यांनी रागावण्याऐवजी वहीत नोंद केली.

आपल्याकडे व्यसनाची भाषा आली ती दारूच्या आणि ऐंशीच्या दशकात गर्दच्या अनुभवातून. पुण्यात १९८६ साली 'मुक्तांगण' निघाले, साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी 'परिवर्तन' उभे केले. या कामांचे ऋण मोठे आहे, व्यसनी माणूस हा गुन्हेगार नसून आजारी आहे हे त्यांनी महाराष्ट्राला शिकविले. पण आपण सामान्य कार्यकर्ते त्या भाषेतील निषेध तेवढा उचलतो आणि तो वेदनेने गांजलेल्या माणसालाही लावतो. मग तो बोलत नाही. आणि न बोलणारा रुग्ण हा कोणत्याही औषधाचा सर्वांत धोक्याचा ग्राहक असतो.

आता माझी पट्टी बाजूला ठेवतो. माझ्याजवळ निदान चिठ्ठी आहे, निवृत्तिवेतन आहे, वही राखणारे डॉक्टर आहेत. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती पाठीवर वाहणाऱ्या हमालाजवळ काय आहे? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषाने वाहावयाच्या ओझ्याला ५५ किलोंची मर्यादा सुचविली. शंभर किलोंचे पोते पन्नासावर आणा, ही मागणी बाबा आढावांच्या हमाल पंचायतीला वर्षानुवर्षे लावून धरावी लागली. माथाडी कामगारांसाठी १९६९ चा कायदा झाला. त्यासाठी झगडणारे अण्णासाहेब पाटील आपल्याच पाटण तालुक्यातले, आणि मुंबईच्या गोद्यांत व बाजारांत ओझी वाहणारे हजारो हात सातारा-सांगलीच्या डोंगरकपारींतले. हे लोक पन्नाशीत गावी परततात ते मोडलेली कंबर घेऊन. त्यांच्या उशाशी मी ज्या पट्ट्या पाहिल्या, त्यांतील बहुतेक अफूच्या जातीच्या नव्हत्याच. त्या होत्या डायक्लोफिनॅक, असेक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन. कायद्याने यांतील पुष्कळांना चिठ्ठी लागते. व्यवहारात सुटे पैसे पुरतात. या गोळ्यांनी ओढ लागत नाही, म्हणून त्यांची कोणाला भीती वाटत नाही. पण रोज, रिकाम्या पोटी, वर्षानुवर्षे घेतल्या तर त्या जठराला व्रण पाडतात आणि मूत्रपिंड निकामी करू शकतात; उन्हात पाणी न पिता राबणाऱ्याचे तर अधिकच.

वाळवा तालुक्यात गळिताच्या हंगामात बीडकडून आलेल्या ऊसतोड टोळीच्या कोप्यांवर मी एका रात्री बसलो होतो. एका बाईने मोळ्या वाहून मान धरली म्हणून दोन गोळ्या एकदम तोंडात टाकल्या. मी मास्तरी स्वभावानुसार म्हणालो, "मावशी, रोज अशा घेऊ नका, सवय लागेल." ती म्हणाली, "गुरुजी, गोळी न्हाई घेतली तर उद्याचा खाडा पडतो. खाडा पडला की मुकादम पैसे कापतो, आन् उचल फिटत न्हाई. सवय गोळीची न्हाई, पोटाची हाय." व्यसन आणि अवलंबन यांमधील भेद मला डॉक्टरांनी शिकविला होता. हे तिसरे अवलंबन वैद्यकाच्या पुस्तकात नाही. तेथे दुखणाऱ्या अंगाला विश्रांती हे औषध आहे, आणि विश्रांतीला मजुरी नाही.

आपला जिल्हा या बाबतीत अभ्यासला गेला आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल. नव्वदच्या दशकात डॉ. अनंत फडके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सातारा जिल्ह्यातील औषधपुरवठा व औषधवापर यांची पाहणी केली. त्यावर आधारित त्यांचे इंग्रजी पुस्तक १९९८ साली निघाले. औषधांवरचा केवढा तरी खर्च अनावश्यक औषधांवर, निरर्थक मिश्रणांवर आणि गरज नसलेल्या इंजेक्शनांवर होतो, असे त्या पाहणीत दिसले. त्याआधी १९७५ साली हाथी समितीने अत्यावश्यक औषधांची मोजकी यादी पुढे ठेवली होती. ती बाजूला राहिली आणि बाजारात मिश्रणांचे पीक आले. २०१६ साली केंद्र सरकारने एका दमात ३४४ मिश्रणांवर बंदी घातली आणि कंपन्या न्यायालयात गेल्या, तेव्हा हे पीक किती माजले होते ते कळले.

या सगळ्याची दुसरी बाजू अधिक क्रूर आहे. १९८५ साली अमली पदार्थांचा कडक कायदा झाला. परवान्यांची अशी गुंतागुंत निर्माण झाली की रुग्णालये आणि दुकाने मॉर्फिन ठेवीनाशी झाली. पुढील बारा वर्षांत देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. ज्या देशात नीमच आणि गाझीपूर येथे सरकारी अफूचे कारखाने आहेत, जो देश जगाला औषधी अफू पुरवितो, त्याच देशात कर्करोगाचा रुग्ण ओरडत मरतो! केरळात १९९३ साली कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनाशमनाचे काम सुरू केले. पुढे गावोगावचे स्वयंसेवक त्यात उतरले, आणि २००८ साली त्या राज्याने यासाठी स्वतंत्र धोरण आखले. केंद्राचा कायदा सुधारण्यास २०१४ उजाडावे लागले. कायदा सुधारला तरी डॉक्टरांच्या मनातील धास्ती आणि नातेवाइकांची, "मॉर्फिन दिले म्हणजे संपलेच," ही समजूत तशीच आहे.

भीती निराधार आहे असे म्हणणाऱ्यांनी अमेरिकेकडेही पाहावे. पर्ड्यू फार्मा कंपनीने १९९६ साली ऑक्सिकॉन्टिन बाजारात आणले आणि त्याने व्यसन लागण्याचा धोका कमी आहे असा प्रचार केला. २००७ साली दिशाभूल केल्याचा गुन्हा तिने न्यायालयात कबूल केला. तोवर गावेच्या गावे उद्ध्वस्त झाली होती. आणि दूर कशाला? मुंबईतील एक कंपनी टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल यांचे घातक मिश्रण पश्चिम आफ्रिकेत पाठवीत असल्याचे २०२५ च्या फेब्रुवारीत उघडकीस आले. मग सरकारने त्याच्या उत्पादनाची व निर्यातीची परवानगी काढून घेतली. घाना-नायजेरियातील मजूर त्या गोळ्या का घेत असतील, याचे उत्तर वाळव्याच्या कोपीत मिळते. नफ्याला वेदनाही चालते आणि व्यसनही चालते.

२०१८ साली ट्रामाडॉलही त्या कडक कायद्याखाली आले. ते योग्यच झाले असे माझे मत आहे, जरी त्याचा जाच मला होतो. औषधाच्या दुकानात चिठ्ठी पुढे केली की दुकानदार मला आपादमस्तक न्याहाळतो. "अमुक ठिकाणी विचारा," असे सांगून तीन दुकाने फिरवितात. त्याच काउंटरवर माझ्यादेखत एक पोरगा चिठ्ठीविना डायक्लोफिनॅकच्या दहा गोळ्या घेऊन जातो, आणि त्याला कोणी, "कशाला, रे?" असेही विचारीत नाही.

मग कार्यकर्त्यांनी काय करावे? मी तीनच कामे सुचवितो, मोठी नाहीत. आपल्या तालुक्याच्या उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालयात फिजिओथेरपिस्टची जागा मंजूर आहे काय, भरलेली आहे काय, हे माहितीच्या अधिकारात विचारा. पाठीच्या दुखण्यावर निम्मे काम तो माणूस करतो आणि तोच नसतो. जिल्हा रुग्णालयात तोंडाने घ्यावयाचे मॉर्फिन उपलब्ध आहे की नाही, तेही विचारा. आणि हमालांच्या व ऊसतोडणी कामगारांच्या मागण्यांत दुखापतीच्या दिवसाची मजुरी हे कलम घाला. खाड्याचा दंड आहे तोवर गोळीवर व्याख्यान देण्याचा अधिकार आपल्याला नाही. मला तर नाहीच.

माझ्यापुरते सांगायचे तर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली मी सात महिन्यांत दोन गोळ्यांवरून दीडीवर आणि दीडीवरून एकीवर आलो आहे. पट्टी आता सौ.च्या कपाटात असते. एकीच्या खाली उतरता येईल की नाही, हे सांगता येत नाही. डॉक्टर म्हणतात, थंडी संपू द्या, मग पाहू. आता प्रश्न विचारा. फक्त मला उभे राहून उत्तरे देऊ द्या, बसले की कळ वाढते.