संशोधनात आपलीही नोंद हवी

कोरोनाच्या काळात बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घरोघरी आला. २०२० मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं, की कृष्णवर्णीय रुग्णांचा ऑक्सिजन घसरला तरी हे यंत्र कित्येकदा तो ठीक दाखवतं. सगळ्या तऱ्हेची माणसं अभ्यासात नसली, की असं होतं.

मग त्यांना आणायचं कसं? मोबाइलवरून, असं वाटलं. स्टॅनफर्ड विद्यापीठाचं ‘मायहार्ट काउंट्स’ हे हृदयाच्या अभ्यासाचं अ‍ॅप मार्च २०१५ मध्ये आलं. हजारोंनी घरबसल्या संमती दिली. पण ते फक्त आयफोनवर चालायचं. सहभागींत ८० टक्क्यांहून जास्त पुरुष, तेही बहुतेक तरुण!

२०१८ मध्ये अमेरिकाभर सुरू झालेल्या ‘ऑल ऑफ अस’ या सरकारी आरोग्य-संशोधन प्रकल्पाने मोबाइलला माणसांची जोड दिली. संमतीपत्र छोट्या चित्रफितींतून, इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्येही. शिवाय वस्तीतली आरोग्यकेंद्रं सोबतीला. इथे सुमारे ८० टक्के सहभागी संशोधनात उपेक्षित राहिलेल्या गटांतले आहेत. अ‍ॅपइतकंच श्रेय मी त्या आरोग्यकेंद्रांना देईन.

तुमच्या मोबाइलवर असं संमतीपत्र आलं, तर घाईने बटण दाबू नका. मराठीत मागा, शंका विचारा. पटलं नाही तर नकार द्यायचा हक्क तुमचाच आहे.