संगणकाची चावी कोणाकडे?

दहावीतला मुलगा संगणकाला पासवर्ड लावतो, वडील वायरच काढून ठेवतात आणि घरात अबोला सुरू होतो. सोलापुरातही हे नवं नाही. खरं तर यासाठी विंडोजमध्ये सोय आहे. प्रशासकाचं खातं पालकांनी स्वतःकडे ठेवावं, मुलाला साधं खातं द्यावं. मग बहुतेक नवी सॉफ्टवेअर बसवताना पालकांचा पासवर्ड लागतो. ‘फॅमिली सेफ्टी’ या सोयीतून संगणक वापरायची वेळही आखून देता येते. पण नियम मुलाशी बोलून ठरवा, आणि मोठ्यांनीही पाळा. शेजारच्या सांगली जिल्ह्यात, मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली असाच सगळ्यांसाठी नियम केला: संध्याकाळी सातला भोंगा वाजला, की दीड तास टीव्ही, मोबाइल सगळ्यांचेच बंद. मुलं अभ्यासाला बसायची. मोठ्यांनाही सूट नव्हती.