नदीचे देणे, नदीची जागा



कृष्णाकाठची मळीची जमीन ही पुराचीच देणगी. वळणावर नदी बाहेरचा काठ पोखरते, आतल्या काठाला गाळ टाकते. पूर पसरला की पाणी संथावते आणि गाळ शिवारात बसतो. म्हणून पूरपट्टा हाही नदीचाच. सांगलीच्या आयर्विन पुलाशी ४० फुटांवर इशारा, ४५ फुटांवर धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. कोयनेसारखे धरण पूर थोपविते, पण त्यात जागा राखली असेल तरच. भरल्यावर पाणी सोडावेच लागते. नृसिंहवाडीस पाणी देवळात शिरू लागले की उत्सवमूर्ती उंचावर हलवितात. देव नदीला वाट देतो, माणसानेही द्यावी. पूररेषेत पीक असावे, बिऱ्हाड उंचावर असावे.